‘मग तेव्हा कुठे होता?’ : व्हॉटअबाउटिझम म्हणजे काय आणि वऱ्हाडाला तो महागात का पडतो?

समजा, वलगावातल्या एखाद्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जुलै महिन्यात कुणीतरी पांदण रस्त्याचा फोटो टाकला. गुडघाभर चिखल आणि त्यात फसलेला ट्रॅक्टर. खाली एकच ओळ : “हा रस्ता कवा होणार?”

पाच मिनिटांत उत्तरं सुरू होतात.

“पंधरा वर्षं तुमचं सरकार होतं, तवा कायले गप होता?”

“तुमच्या आमदारानं काय दिवे लावले ते सांग आधी.”

“तिकडं बॉर्डरवर जवान मरून राहिले, अन् तुले रस्त्याचं पडलं!”

रात्रीपर्यंत शंभरेक मेसेज जमतात. जुने व्हिडिओ येतात, बातम्यांची कात्रणं येतात, दोघंतिघं ग्रुप सोडून जातात. पण रस्ता कोणत्या योजनेत बसतो, ग्रामपंचायतीनं ठराव केला का, मोजणी झाली का, पैसे कुठे अडले, यावर एकही मेसेज नसतो. ट्रॅक्टर तिथंच असतो.

हा प्रसंग काल्पनिक आहे, पण तुमच्या ग्रुपवर तो या ना त्या रूपात घडून गेला असेल. प्रश्नाचं उत्तर न देता ‘मग त्याचं काय?’ असा उलटा प्रश्न फेकण्याच्या या सवयीला ‘व्हॉटअबाउटिझम’ म्हणतात. ही सवय कुठून आली, ती नुकसान कसं करते आणि ‘मग त्याचं काय?’ हा प्रश्न कधी रास्तही असतो, हे समजून घेऊ. उदाहरणं मुद्दाम वऱ्हाडातली घेतली आहेत. कारण या भागाचं गेल्या सत्तर वर्षांचं राजकारण ‘मग आमचं काय?’ याच प्रश्नाभोवती फिरत आलं आहे.

व्हॉटअबाउटिझम म्हणजे नेमकं काय?

एकानं एक प्रश्न विचारला किंवा आरोप केला. समोरच्यानं तो खोडला नाही, मान्यही केला नाही. त्याऐवजी त्यानं दुसराच विषय पुढे केला आणि चर्चा तिकडे वळली. एवढं झालं की तो व्हॉटअबाउटिझम.

त्याची तीन रूपं रोज दिसतात.

पहिलं, ‘तेव्हा कुठे होता?’ इथं प्रश्न बाजूला राहतो आणि विचारणाऱ्याचं जुनं मौन आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहतं.

दुसरं, ‘तुमच्यानं काय वेगळं केलं?’ इथं विचारणाऱ्याला आधी एका पक्षात ढकललं जातं आणि मग त्या पक्षाची पापं त्याच्या माथी मारली जातात. तो कोणत्याच पक्षाचा नसला तरी.

तिसरं, ‘एवढं मोठं चाललंय आणि तुम्हाला याचं पडलंय?’ इथं लहान प्रश्न मोठ्या प्रश्नाखाली गाडला जातो. गावातली नाली, शाळेचं छत, रोहयोची थकलेली मजुरी असे विषय देशाच्या प्रश्नांपुढे कायम लहानच ठरतात. त्यामुळे त्यांची पाळी कधी येत नाही.

हा डाव इतका चालतो त्याचं मुख्य कारण म्हणजे उलट केलेला आरोप बहुतेक वेळा खरा असतो. आधीच्या सरकारानं खरोखरच रस्ता केलेला नसतो. खोट्या आरोपाला ‘हे खोटं आहे’ म्हणता येतं. खऱ्या पण गैरलागू आरोपापुढे माणूस गोंधळतो आणि स्वतःचा प्रश्न सोडून आपल्या बाजूचा बचाव करत बसतो.

दुसरं कारण श्रमाचं आहे. एखादा शासन निर्णय शोधून वाचायला तास जातो. पाच वर्षांपूर्वीची क्लिप पुढे ढकलायला दोन सेकंद पुरतात. सोशल मीडियावर लवकर आलेलं उत्तर जिंकल्यासारखं वाटतं, म्हणून क्लिप जिंकते.

शब्द नवा, खोड जुनी

हा शब्द आपल्याकडे गेल्या दहा-पंधरा वर्षांत रुळला, पण त्याचं मूळ उत्तर आयर्लंडमधल्या हिंसाचाराच्या काळात सापडतं. १९७४ च्या जानेवारीत ‘आयरिश टाइम्स’मध्ये एका वाचकाचं पत्र छापून आलं. आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या हिंसेचा निषेध केला की काही लोक लगेच ब्रिटिशांच्या अन्यायाची यादी वाचू लागतात, अशी त्याची तक्रार होती. अशा लोकांना त्यानं ‘व्हॉटअबाउट्स’ असं नाव दिलं. ब्रिटिशांचे अन्याय काल्पनिक नव्हते. पण त्यांच्या उल्लेखानं कालच्या बॉम्बस्फोटातल्या मृतांना न्याय मिळत नव्हता.

शीतयुद्धातला सोव्हिएत किस्सा तर प्रसिद्ध आहे. अमेरिकेनं सोव्हिएत रशियातल्या दडपशाहीवर बोट ठेवलं की उत्तर येई : तुमच्याकडे तर काळ्या लोकांना झुंडी ठार मारतात! तेही खरंच होतं. पण त्यामुळे सैबेरियातल्या छावणीतला कैदी सुटत नव्हता आणि अमेरिकेतल्या काळ्या माणसाचा जीवही वाचत नव्हता. दोघांचं दुःख फक्त एकमेकांविरुद्ध वापरायला कामी आलं.

आपल्याकडच्या पंडितांनी ही खोड कितीतरी आधी ओळखली होती. गौतमाच्या न्यायसूत्रांत वादात माणूस कुठे हरतो त्या जागांची यादी आहे. त्यांना ‘निग्रहस्थान’ म्हणतात आणि ती बावीस सांगितली आहेत. त्यातलं एक आहे ‘मतानुज्ञा’. आपल्या बाजूवर आलेला दोष न खोडता तोच दोष समोरच्यावर उलटवणं म्हणजे मतानुज्ञा. टीकाकारांनी याचं सोपं उदाहरण दिलं आहे. एक म्हणतो, ‘तू चोर आहेस.’ दुसरा म्हणतो, ‘तूही चोर आहेस.’ आपल्याला वाटतं, बरोबरी झाली. न्यायशास्त्राच्या हिशेबानं मात्र दुसरा हरला. कारण ‘तूही’ म्हणताना त्यानं ‘मी चोर नाही’ असं म्हटलंच नाही. त्या ‘ही’मध्ये कबुली आहे.

पुढच्या वेळी कुणी ‘मग तुमच्या काळातल्या घोटाळ्याचं काय?’ म्हणाला की हे आठवून पाहा. त्यानं आत्ताचा घोटाळा नाकारलेला नसतो.

कायदाही साधारण याच अंगानं जातो. ‘शेजाऱ्याचं अतिक्रमण पाडलं नाही, म्हणून माझंही राहू द्या’ हा युक्तिवाद न्यायालयात टिकत नाही. घटनेनं दिलेली समानता बेकायदा गोष्टीसाठी मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं अनेक निकालांत म्हटलं आहे. शेजाऱ्यावर कारवाई करा, ही मागणी वेगळी आणि ती जरूर करता येते.

उदाहरण पहिलं : सिंचनाच्या वादात पाणी कुठे गेलं?

वलगाव पेढी नदीच्या काठी आहे. पेढी पुढे पूर्णेला मिळते. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतला खारपाणपट्टा येतो. इथं जमिनीखालचं पाणी खारट आहे. इतर भागातला कास्तकार निदान विहीर खोदून नशीब आजमावतो. खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी लागलं तरी ते पिकाला चालेल असं नाही. त्यामुळे धरणाचं, कालव्याचं पाणी हा इथं जगण्यामरण्याचा प्रश्न आहे. २००६ साली शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अमरावती, अकोल्यासह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर झालं. त्यातला मोठा वाटा सिंचनासाठी होता.

आता राजकारणाकडे वळू. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणी अहवालातली एक नोंद गाजली. राज्यात पिकाखालच्या एकूण क्षेत्रापैकी २०००-०१ मध्ये १७.८ टक्के क्षेत्र सिंचनाखाली होतं. २००९-१० मध्ये ते १७.९ टक्के झालं. म्हणजे दहा वर्षांत ०.१ टक्का वाढ. याच काळातला खर्च मात्र ७० हजार कोटींच्या घरात असल्याचं सांगितलं गेलं. प्रश्न साधा होता : एवढा पैसा गेला, तर पाणी कुठे आहे?

विरोधी बाकांवरच्या भाजप आणि शिवसेनेनं हा प्रश्न लावून धरला. सप्टेंबर २०१२ मध्ये उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला. नोव्हेंबरअखेर सरकारनं सिंचनाची श्वेतपत्रिका काढली आणि डिसेंबरमध्ये ते पुन्हा पदावर आले. आरोप त्यांनी कायम फेटाळले. प्रत्युत्तर म्हणून ‘पाटबंधारे महामंडळं तर युती सरकारनंच काढली’ हेही ऐकू येई. ते खरंच होतं. विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ १९९७ सालचं, युतीच्या काळातलं. पण महामंडळ कुणी काढलं, या उत्तरानं कालव्यात पाणी आलं का, हे कळत नव्हतं.

२०१४ मध्ये सत्ता पालटली आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची चौकशी सुरू झाली. २३ नोव्हेंबर २०१९ च्या सकाळी देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला. दोनच दिवसांनी विदर्भातल्या सिंचन कामांची नऊ प्रकरणं बंद केल्याची बातमी आली. ही प्रकरणं अजित पवारांशी संबंधित नाहीत, असा खुलासा विभागानं केला. डिसेंबरमध्ये विभागानं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात सादर केलेल्या प्रतिज्ञापत्रात त्यांच्यावर फौजदारी जबाबदारी येत नसल्याचं सांगितलं. तोवर ते महाविकास आघाडीच्या बाजूला परतले होते आणि पुढे त्याच सरकारात उपमुख्यमंत्री झाले. २७ जून २०२३ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी भोपाळमध्ये राष्ट्रवादीच्या ७० हजार कोटींच्या घोटाळ्यांचा उल्लेख केला. २ जुलैला अजित पवार शिंदे-फडणवीस सरकारात उपमुख्यमंत्री झाले.

आता कुणी भाजप समर्थकाला विचारलं, ‘मग त्या आरोपांचं काय?’ तर उत्तर येतं, ‘तुमच्याही सरकारात तेच होते.’ तिकडून आघाडीवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, ‘आरोप तुम्हीच केले होते.’ दोघांची वाक्यं खरी आहेत. दोघांकडे एकमेकांना गप्प करण्यापुरता दारूगोळा भरपूर आहे.

यात मूळ प्रश्नाचं काय झालं? सिंचित क्षेत्राचा जो आकडा गाजला, तो पुढच्या अनेक वर्षांच्या आर्थिक पाहणी अहवालांत आलाच नाही. त्याच्या जागी ‘उपलब्ध नाही’ असा शेरा दिसू लागला. ज्या मोजपट्टीवरून सरकारला जाब विचारता येत होता, तीच नाहीशी झाली आणि त्यावर फारसा आरडाओरडा झाला नाही. सगळे कोण कुणाबरोबर होतं याचा हिशेब करण्यात गुंतले होते.

आणि पेढी? या नदीवर भातकुली तालुक्यात निम्न पेढी प्रकल्प आहे. केंद्रानं २०१६ मध्ये देशभरातल्या ९९ रखडलेल्या सिंचन प्रकल्पांची यादी करून ते डिसेंबर २०१९ पर्यंत पूर्ण करायचं ठरवलं, त्या यादीत निम्न पेढीचं नाव होतं. ती मुदत पाळली गेली नाही. ‘का नाही?’ हा प्रश्न भाजपचा, काँग्रेसचा किंवा राष्ट्रवादीचा नाही. ज्याच्या वावरात पाणी यायचं होतं त्याचा आहे. व्हॉटअबाउटिझममध्ये नेमका हाच माणूस चर्चेबाहेर फेकला जातो.

उदाहरण दुसरं : मंडळं आणि बारा नावं

विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी घटनेच्या कलम ३७१(२) खाली १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं स्थापन झाली. कोणता भाग किती मागे आहे, यावर लक्ष ठेवणं हे त्यांचं काम. मुदतवाढ मिळत मिळत ती चालली आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली.

१ मार्च २०२१ ला विधानसभेत विरोधकांनी विचारलं : मंडळांना मुदतवाढ कधी देणार? तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांचं उत्तर होतं की राज्यपाल विधान परिषदेवरच्या बारा सदस्यांची नावं ज्या दिवशी जाहीर करतील, त्या दिवशी मंडळंही जाहीर करू. विरोधी पक्षनेते फडणवीस यांनी विदर्भ-मराठवाड्याला ओलीस धरल्याचा आरोप केला.

बारा नावं अडवून ठेवणं योग्य होतं का, हा स्वतंत्र आणि महत्त्वाचा प्रश्न होता. पण त्याचा अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या अनुशेषाशी काय संबंध? पुढे सरकार बदललं. सप्टेंबर २०२२ मध्ये नव्या मंत्रिमंडळानं मंडळं पुन्हा स्थापन करण्याचा निर्णय घेतला, पण ती लगेच काही उभी राहिली नाहीत. बारा नावांचा वाद न्यायालयात गेला आणि मंडळांचा प्रश्न कागदावर राहिला.

‘मग विदर्भाचं काय?’ हाही व्हॉटअबाउटिझमच का?

इथं एक वाजवी शंका येते. ‘पश्चिम महाराष्ट्राला एवढं दिलं, मग विदर्भाचं काय?’ हा प्रश्नही तसाच नाही का?

नाही. आणि फरक समजून घ्यायला हे उदाहरण सगळ्यात उपयोगी आहे.

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारापासून ही तुलना सुरू आहे. मराठी भाषकांचं एक राज्य होताना विदर्भाला निधीत आणि नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळेल, असं त्यात ठरलं होतं. तो मिळाला का, हे विचारायचं तर तुलना करावीच लागते. १९८३ मध्ये राज्य सरकारनं अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. १९८४ च्या अहवालात समितीनं रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा बाबींत प्रत्येक जिल्ह्याची राज्याच्या सरासरीशी तुलना केली. सरासरीपेक्षा जितकं कमी, तितका अनुशेष. एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा निघाला, त्यात विदर्भाचा सुमारे १,२४६ कोटींचा.

‘मग विदर्भाचं काय?’ या वाक्याला समितीनं मोजमाप दिलं. या प्रश्नानं कुणाचं तोंड बंद झालं नाही. उलट उत्तर देण्याची एक पद्धत तयार झाली.

पुढची गोष्टही पाहण्यासारखी आहे. जिल्हा हे एकक धरल्यावर पश्चिम महाराष्ट्रातून प्रश्न आला : आमच्या माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांचं काय? जिल्ह्याची सरासरी चांगली, म्हणून या तालुक्यांची तहान झाकायची का? वऱ्हाडातल्या अनेकांना हा मुद्दा विषय फिरवण्याचा वाटला. काही जण तो त्या हेतूनं वापरतही असतील. पण प्रश्नात तथ्य होतं. २०११ मध्ये नेमलेल्या विजय केळकर समितीला जिल्हा की तालुका, कोणतं एकक धरावं, याचाही विचार करायला सांगितलं गेलं.

म्हणजे ‘मग त्याचं काय?’ या शब्दांमध्ये दोष नाही. ते शब्द मोजपट्टी बारीक करतात की मोजपट्टीच फेकून देतात, हे पाहायचं.

फरक ओळखायचा कसा?

चार प्रश्न स्वतःला विचारा.

एक, विचारतंय कोण? ज्याच्यावर अन्याय झाला तो ‘मग आमचं काय?’ म्हणत असेल तर बहुधा तो न्याय मागतोय. ज्यानं उत्तर द्यायचं आहे तोच ‘मग त्यांचं काय?’ म्हणत असेल तर बहुधा तो सुटका शोधतोय.

दोन, पहिला प्रश्न अजून उभा आहे का? ‘हो, हेही चुकलं, आणि तेही चुकलं होतं’ असं म्हणणारा विषय वाढवतोय. ‘ते चुकलं होतं, म्हणून हे विचारू नका’ म्हणणारा विषय बंद करतोय.

तीन, मोजपट्टी एकच आहे का? दोन सरकारांच्या काळातली कालव्याची लांबी तुलनेत ठेवली तर ती तुलना आहे. कालव्याच्या प्रश्नाला पुतळ्याचा, भाषणाचा किंवा बारा नावांचा प्रश्न जोडला तर ती पळवाट आहे.

चार, मूळ वाद कशाचा आहे? मत कुणाला द्यायचं, कुणावर विश्वास ठेवायचा, हा वाद असेल तर दोन्ही बाजूंचा इतिहास काढणं योग्यच. निवडणुकीत तर ते केलंच पाहिजे. पण रस्ता कधी होणार, हा वाद असेल तर इतिहासानं डांबर पडत नाही.

विचारणारा दुटप्पी असेल, तर ते दाखवूनही द्यावं. मात्र माणूस दुटप्पी निघाला म्हणून त्यानं विचारलेला प्रश्न खोटा ठरत नाही.

तुमच्यावर असा प्रश्न आला तर?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जुन्या सरकारचा बचाव करायला बसणं. त्या क्षणी तुमचा प्रश्न हातातून गेला. त्यापेक्षा उलट आरोप खरा असेल तर एका वाक्यात मान्य करा आणि परत या : “हो, तवाही नाही झालं. म्हणून तर आता विचारतो. कवा होणार?” याला उत्तर देणं अवघड जातं, कारण भांडायला समोर बाजूच उरत नाही.

उलट प्रश्न महत्त्वाचा असेल तर त्याला स्वतंत्र जागा द्या : “सीमेवरच्या जवानांबद्दल बोलू, वेगळ्या पोस्टवर. इथं रस्त्याचं सांगा.”

आणि प्रश्नच असा विचारा की त्याला ‘तेव्हा कुठे होता?’ हे उत्तर बसूच नये. ‘सरकार काय करतंय?’ हा प्रश्न भांडणाला आमंत्रण देतो. ‘आपला रस्ता मातोश्री पाणंद रस्ते योजनेच्या आराखड्यात आहे का? नसेल तर ग्रामसभेचा ठराव कोणत्या तारखेला झाला?’ या प्रश्नाला तारीख, कागद किंवा नकार एवढीच उत्तरं असू शकतात. ग्रुपवर उत्तर नाही मिळालं तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो. अर्जाची फी दहा रुपये, आणि साधारणपणे ३० दिवसांत माहिती देणं बंधनकारक. ‘आधीच्या सरकारला का नाही विचारलं?’ असं माहिती अधिकारी लिहून देऊ शकत नाही.

तपासणी स्वतःचीही करायला हवी. आपल्या आवडत्या नेत्यावर टीका आली की बोटं आपोआप जुनी क्लिप शोधू लागतात. पाठवण्याआधी एवढंच पाहा : त्या टीकेला माझ्याकडे उत्तर आहे का? असेल तर तेच लिहा. नसेल तर क्लिप पाठवून ते लपणार नाही.

‘सगळे सारखेच’चा फायदा कुणाला?

व्हॉटअबाउटिझमचा सगळ्यात मोठा तोटा लगेच दिसत नाही. दोन्ही बाजूंनी एकमेकांचे दोष वर्षानुवर्षं मोजून दाखवले की ऐकणारा शेवटी म्हणतो, ‘जाऊ द्या, सगळे एकाच माळेचे मणी.’ हे वाक्य शहाणपणाचं वाटतं, पण ते म्हटल्यावर माणूस प्रश्न विचारायचा थांबतो. आणि प्रश्न थांबले की सत्तेवर जो कुणी असेल, त्याचं फावतं. दोन चुका एकमेकींना रद्द करत नाहीत. त्यांची बेरीज होते आणि ती बेरीज भरून काढण्याची वेळ त्याच गावावर येते.

वलगावचं नाव महाराष्ट्राला आणखी एका कारणानं ठाऊक आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी संत गाडगेबाबांचं निधन झालं. बाबांच्या कीर्तनाची रीत सर्वांना माहीत आहे. ते समोरच्या गर्दीला प्रश्न विचारत आणि उत्तर मिळेपर्यंत थांबत. मिळालेल्या उत्तरातून पुढचा प्रश्न काढत. कर्ज काढून सण का करता, देवापुढे बकरं का कापता, पोराला शाळेत का धाडत नाही, हे सगळं ते लोकांच्याच तोंडून वदवून घेत. त्या गर्दीतल्या माणसालाही ‘शेजारी तर माझ्याहून जास्त कर्ज काढतो’ असं म्हणता आलं असतं. पण प्रश्न शेजाऱ्याला नव्हता, त्यालाच होता, आणि हे त्याला कळत होतं.

ग्रुपवरच्या त्या फोटोखाली अजूनही जागा आहे. ‘हा रस्ता कवा होणार?’ याचं उत्तर ज्याला माहीत आहे त्यानं लिहावं. ज्याला माहीत नाही त्यानं तोच प्रश्न पुन्हा विचारावा.